संवादोपचाराची मर्यादा : 'अ‍ॅना ओ.' प्रकरणाचे पुनर्परीक्षण

मनातील दुःख बोलून दाखविले की ते हलके होते, हा अनुभव कोणास नवा नाही. घरात मृत्यू झाला की शेजारीपाजारी येऊन बसतात, रडू देतात, बोलू देतात. त्यामागे हेच शहाणपण आहे. परंतु हलके होणे आणि बरे होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीवरून दुसरी गृहीत धरली तर रुग्णाचे फार मोठे नुकसान होऊ शकते.

अलीकडे आपल्या वस्त्यांत आणि विहारांतही समुपदेशनाचा विचार रुजू लागला आहे. मनोविकार म्हणजे भूतबाधा किंवा पूर्वजन्मीचे पाप, ही समजूत मागे पडून लोक आपल्या मनाविषयी बोलू लागले, ही स्वागतार्ह घटना होय. मात्र तिच्याबरोबर एक नवी श्रद्धाही येऊ पाहत आहे. मन मोकळे केले की सर्व काही ठीक होते, अशी ती श्रद्धा. श्रद्धा जुनी असो वा नवी, ती तपासून घ्यावी हा धम्माचा शिरस्ता आहे. म्हणून ज्या प्रकरणातून बोलण्याच्या उपचाराचा उगम झाला असे मानले जाते, त्या मूळ प्रकरणाचीच चिकित्सा आम्ही येथे करीत आहोत.

मूळ ग्रंथ आणि मूळ रुग्ण

इ. स. १८९५ मध्ये व्हिएन्नातील डॉ. योसेफ ब्रॉयर आणि डॉ. सिग्मंड फ्रॉइड यांनी हिस्टेरियाविषयीचा आपला संयुक्त ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील पहिली रुग्णकथा 'अ‍ॅना ओ.' या टोपणनावाने दिलेली असून ती ब्रॉयर यांनी लिहिली आहे. या रुग्णेचे खरे नाव बर्था पापेनहाइम. ते जगाला कळले १९५३ मध्ये, फ्रॉइड यांचे चरित्रकार अर्नेस्ट जोन्स यांच्या ग्रंथातून. तोवर बर्थाबाईंच्या मृत्यूस सतरा वर्षे लोटली होती.

बर्था यांचा जन्म १८५९ मध्ये व्हिएन्नातील एका सुखवस्तू, सनातनी ज्यू कुटुंबात झाला. बुद्धी तीक्ष्ण, वाचनाची ओढ मोठी. पण सोळाव्या वर्षी शिक्षण संपले. धाकटा भाऊ पुढे शिकत राहिला. मुलीच्या वाट्याला भरतकाम, घरकाम आणि लग्नाची प्रतीक्षा आली. १८८० च्या उन्हाळ्यात वडील गंभीर आजारी पडले. रात्रीच्या रात्री त्यांच्या उशाशी बसून शुश्रूषा करण्याचे काम एकवीस वर्षांच्या बर्थावर आले. त्याच काळात त्यांना खोकला, हातापायांचा लुळेपणा, दृष्टिदोष, भास अशी लक्षणे जडली. पुढे तर त्यांना आपली मातृभाषा जर्मन बोलता येईना. त्या केवळ इंग्रजीतून बोलत. एप्रिल १८८१ मध्ये वडील वारले आणि प्रकृती अधिकच ढासळली.

ब्रॉयर त्यांच्याकडे जात, संमोहनावस्थेत त्यांना बोलते करीत आणि ऐकत. एका उन्हाळ्यात बर्थाला पाणी पिता येईना. तहान लागे, पेला हाती घेतला जाई, पण ओठांशी येताच तो दूर लोटला जाई. सुमारे सहा आठवडे त्यांनी फळांवर तहान भागविली. मग एके दिवशी संमोहनात त्यांना आठवले, की घरातील सोबतिणीच्या कुत्र्याने पेल्यातून पाणी पिताना आपण पाहिले होते आणि त्या वेळची किळस आपण सभ्यतेपोटी गिळून टाकली होती. तो राग बोलून दाखविताच त्यांनी पाणी मागितले आणि भरपूर प्याल्या. या पद्धतीला त्यांनी स्वतःच इंग्रजीतून दोन नावे दिली. एक होते 'बोलण्याचा उपचार' आणि दुसरे, विनोदाने दिलेले, 'धुराडे झाडणे'. संवादोपचाराचे नामकरण एका रुग्ण स्त्रीने केले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

ब्रॉयर यांच्या कथनानुसार एकेक लक्षण असेच मुळापर्यंत नेऊन दूर केले गेले आणि जून १८८२ मध्ये उपचार पूर्ण झाला. बर्था प्रवासास गेल्या, पूर्ण स्वस्थ होण्यास काही काळ लागला. पण त्यानंतर त्यांचे आरोग्य उत्तम राहिले, असे ग्रंथ सांगतो. १९०९ मध्ये अमेरिकेतील क्लार्क विद्यापीठात फ्रॉइड यांनी मनोविश्लेषणावर जी व्याख्याने दिली, त्यांचा आरंभही त्यांनी याच प्रकरणाने केला. एका संपूर्ण उपचारपरंपरेची पायाभरणी या कथेवर झाली.

ग्रंथाबाहेरचे सत्य

ही कथा जवळजवळ ऐंशी वर्षे बहुतांशी निर्वेधपणे सांगितली गेली. १९७२ मध्ये हेन्री एलेनबर्गर या इतिहासकाराने तिचा शोध घेतला. बर्था यांचे एक छायाचित्र, घोडेस्वारीच्या पोशाखातील, १८८२ सालचे, त्यांच्या पाहण्यात आले. ज्या काळात त्या आजारातून नुकत्याच उठून प्रवास करीत असाव्यात, त्या काळातील हे छायाचित्र स्वित्झर्लंडच्या सीमेवरील कॉन्स्टान्झ गावी काढलेले होते. त्याच्या शेजारी क्रॉयत्स्लिंगेन येथे बेलव्ह्यू नावाचे प्रसिद्ध मनोरुग्णालय होते. एलेनबर्गर यांनी तेथील जुन्या नोंदी मागविल्या आणि त्यांत बर्था पापेनहाइम यांची कागदपत्रे निघाली. १९७८ मध्ये अल्ब्रेख्ट हिर्शम्युलर यांनी आणखी साधने प्रकाशात आणली.

या कागदपत्रांवरून दिसते ते असे. ज्या जूनमध्ये उपचार यशस्वी झाल्याचे ग्रंथ सांगतो, त्याच्या पुढच्याच महिन्यात, जुलै १८८२ मध्ये, बर्था बेलव्ह्यूमध्ये दाखल झाल्या आणि ऑक्टोबरपर्यंत तेथे होत्या. चेहऱ्याच्या मज्जातंतूची तीव्र वेदना त्यांना छळत होती. त्या वेदनेवर दिलेल्या मॉर्फिनची त्यांना सवय जडली होती. जर्मन भाषा हरपण्याचे झटके चालूच होते. पुढे १८८३ ते १८८७ या काळात व्हिएन्नाजवळील इन्त्सर्सडोर्फ येथील आरोग्यधामात त्यांना पुनःपुन्हा राहावे लागले. १८८३ च्या ऑगस्टमध्ये फ्रॉइड यांनी आपल्या वाग्दत्त वधूस लिहिलेल्या पत्रात ब्रॉयर यांचेच मत नमूद केले आहे. या बिचारीला मरण येऊन तिची यातनांतून सुटका व्हावी, अशी इच्छा ब्रॉयर यांनी त्यांच्यापाशी बोलून दाखविली होती. म्हणजे रुग्ण बरी झालेली नाही हे उपचार करणाऱ्यास आणि त्याच्या सहकाऱ्यास, दोघांनाही ठाऊक होते. तरीही बारा वर्षांनी ग्रंथ निघाला तो यशोगाथा घेऊन.

ब्रॉयर यांना लबाड ठरवून मोकळे होणे सोपे आहे. आम्हांस तो मार्ग मान्य नाही. ज्या काळात अशा स्त्रियांना ढोंगी म्हणून हिणविले जाई, त्या काळात एका नामांकित वैद्याने दीड वर्षाहून अधिक काळ एका तरुणीचे बोलणे तासन्‌तास ऐकले. ती माणुसकी कमी लेखण्याचे कारण नाही. पाण्याचा पेला ओठांशी गेला, हेही खोटे मानण्याचे कारण नाही. आमचा आक्षेप आहे तो अनुमानावर. एक लक्षण गेले म्हणून रोग गेला, आणि एका रुग्णेस क्षणभर आराम पडला म्हणून सर्व रुग्णांचे औषध सापडले, हे अनुमान पुराव्यावर टिकत नाही.

पहिली मर्यादा : शरीर

बर्था यांच्या चेहऱ्यातील वेदना आणि मॉर्फिनची सवय या गोष्टी बोलण्याने गेल्या नाहीत. त्यांच्या आजाराचा काही भाग मेंदूच्या विकाराचा असावा, असे मत पुढील काळात अनेक वैद्यांनी मांडले. ते सर्व मान्य केलेच पाहिजे असे नव्हे. परंतु मन शरीरातच राहते आणि शरीराच्या व्याधी संभाषणास दाद देत नाहीत, एवढे तर या प्रकरणाने शिकविलेच.

ही शिकवण न घेतल्याचे परिणाम जवळजवळ शंभर वर्षांनी अमेरिकेत दिसले. राफेल ओशेरॉफ हे स्वतः मूत्रपिंडविकारांचे डॉक्टर. तीव्र नैराश्याने ग्रासल्यामुळे १९७९ च्या आरंभी ते मेरीलँड राज्यातील चेस्टनट लॉज या ख्यातनाम रुग्णालयात दाखल झाले. तेथे सुमारे सात महिने त्यांच्यावर केवळ मनोविश्लेषणाधारित संभाषणाचा उपचार झाला. औषधे देण्यात आली नाहीत. त्यांचे वजन सुमारे चाळीस पौंडांनी घटले. ते अस्वस्थपणे इतके येरझारा घालीत की पायांना इजा झाली. अखेर कुटुंबाने त्यांना दुसऱ्या रुग्णालयात हलविले. तेथे औषधे सुरू होताच काही आठवड्यांत सुधारणा दिसली आणि तीन महिन्यांच्या आत ते घरी परतले. दरम्यान व्यवसाय आणि संसार दोन्ही विस्कटले होते. १९८२ मध्ये त्यांनी चेस्टनट लॉजवर दावा लावला. तो न्यायालयाबाहेर तडजोडीने मिटला. परंतु १९९० मध्ये अमेरिकन मनोविकारशास्त्राच्या प्रमुख नियतकालिकात त्यावर मोठा वाद झडला. ज्या उपचारास पुरावा आहे तो रुग्णास उपलब्ध करून देणे वैद्याचे कर्तव्य आहे की नाही, हा त्या वादाचा गाभा होता. आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर एकच असू शकते.

दुसरी मर्यादा : समाज

ब्रॉयर यांनी आपल्या वृत्तान्तात एक फार महत्त्वाची गोष्ट नोंदविली आहे. या बुद्धिमान मुलीच्या बुद्धीस काहीच खाद्य मिळत नव्हते. तिचे आयुष्य कंटाळवाणे, एकसुरी होते आणि म्हणून ती दिवास्वप्नांत रमत असे. निदान अचूक होते. परंतु हे कारण नोंदवून ब्रॉयर पुढे निघून गेले. उपचार केला गेला आठवणींवर. मुलीला शिक्षण का नाकारले गेले, रोग्याची शुश्रूषा मुलीनेच का करावी, हे प्रश्न त्या खोलीत कोणी विचारले नाहीत.

फ्रांत्झ फॅनन यांनी मात्र ते विचारले. मार्टिनिक बेटावर जन्मलेले हे कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञ १९५३ पासून फ्रेंच अमलाखालील अल्जीरियात ब्लिदा येथील मनोरुग्णालयात काम करीत होते. १९५६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्या राजीनामापत्राचा आशय असा : माणसाला त्याच्या परिसरात परका वाटू नये म्हणून मनोविकारशास्त्र झटते, पण जेथे देशाच्या मूळ रहिवाशालाच त्याच्या देशात कायमचा परका करून ठेवले आहे, तेथे या शास्त्राने काय करावे?

हा प्रश्न आपणास परका नाही. बर्थाच्या पेल्याचा विचार करताना महाडचे चवदार तळे आठवल्यावाचून राहत नाही. बर्थाला पाणी पिण्यास अडविणारी वस्तू तिच्या स्मृतीत होती. ती स्मृती बोलली गेली आणि अडथळा दूर झाला. महाडला अडथळा माणसांच्या स्मृतीत नव्हता. तो रूढीत, सत्तेत आणि शेजाऱ्याच्या हातातील काठीत होता. बाबासाहेबांनी १९२० मध्ये 'मूकनायक' काढून मुक्यांना वाणी दिली, पण ते तेथे थांबले नाहीत. २० मार्च १९२७ रोजी तळ्यावर जाऊन पाणी प्यावे लागले. अपमानामुळे खचलेल्या विद्यार्थ्याला बोलते करणे आवश्यकच आहे. परंतु अपमान करणारी व्यवस्था तशीच ठेवून त्याने केवळ आपल्या भावना 'हाताळाव्यात' असे सांगणे म्हणजे अन्यायाचा भार पीडितावरच टाकणे होय.

तिसरी मर्यादा : साक्ष कोणाची?

या सर्व प्रकरणात एक साक्ष नाही, ती बर्था यांची. उपचारांविषयी वैद्याने लिहिले, सहकाऱ्याने लिहिले, चरित्रकाराने लिहिले. जिने बोलण्याच्या उपचारास नाव दिले, तिने मात्र पुढील आयुष्यात याविषयी मौनच पाळले. आपल्या संस्थेतील मुलींना मनोविश्लेषण देण्यास त्यांचा विरोध होता, असे त्यांच्या सहवासातील मंडळींनी नमूद केले आहे. ज्यांच्याविषयी शतकानुशतके इतरांनीच लिहिले, त्या समाजाच्या वाचकांना या मौनाचा अर्थ निराळा समजावून सांगण्याची गरज नाही. उपचार यशस्वी झाला हे उपचार करणाऱ्याने ठरवावयाचे नसते. ते रुग्णाच्या जगण्यावरून ठरते, आणि त्यासाठी रुग्णाला विचारावे लागते.

बर्था यांचे पुढील जगणे मोठे आहे. १८८८ मध्ये त्या आईसह फ्रांकफुर्टला आल्या. ज्यू मुलींच्या अनाथाश्रमाचे काम त्यांनी हाती घेतले. १८९९ मध्ये मेरी वुल्स्टनक्राफ्ट यांच्या स्त्रीहक्कविषयक ग्रंथाचा त्यांनी जर्मन अनुवाद प्रसिद्ध केला. १९०४ मध्ये ज्यू स्त्रियांची संघटना स्थापन केली, १९०७ मध्ये नॉय-इझेनबुर्ग येथे निराधार मुली व कुमारी माता यांच्यासाठी आश्रय उभारला. मुलींच्या विक्रीविरुद्ध त्यांनी पूर्व युरोपात दूरवर प्रवास केला. १९३६ मध्ये त्या वारल्या. १९३८ मध्ये नाझी जमावाने त्यांच्या आश्रमाला आग लावली. समाजकार्यानेच त्या बऱ्या झाल्या, असे म्हणण्याचा मोह येथे होतो. तोही आवरला पाहिजे. ब्रॉयर यांनी केले तेच अनुमान आपण उलट बाजूने करू नये. इतकेच म्हणता येते, की ज्या स्त्रीला एका खोलीत रुग्ण म्हणून पाहिले गेले, तिच्यात त्या खोलीत न मावणारे पुष्कळ काही होते.

एक रास्त आक्षेप

कोणी म्हणेल, १८८२ चे उदाहरण आज कशाला? संवादोपचार आता पुष्कळ सुधारला आहे. हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर आपल्या शेजारच्या गोव्यातच मिळते. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांवर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. डॉक्टर नसलेल्या, परंतु प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी काही मोजक्या बैठकींत रुग्णांना मदत केली. तीन महिन्यांनंतर या गटातील १०० पैकी ६४ जणांचे नैराश्य ओसरले. ज्यांना ही मदत मिळाली नव्हती त्यांच्यात हे प्रमाण ३९ होते.

हा फरक मोठा आहे आणि तो मोकळेपणाने मान्य केला पाहिजे. परंतु याच आकड्यांत मर्यादाही आहे. उत्तम रीतीने दिलेल्या उपचारानंतरही १०० पैकी ३६ जणांचे नैराश्य त्या मुदतीत गेलेले नव्हते. त्यांना आणखी काही हवे होते. शिवाय हा उपचार निव्वळ बोलण्याचा नव्हता. थांबलेली कामे पुन्हा सुरू करणे, माणसांत मिसळणे, अडचणींवर मार्ग काढणे यांवर त्याचा भर होता. आणि छिन्नमनस्कतेसारख्या गंभीर विकारांत औषधे हाच उपचाराचा कणा असतो. संभाषणाचे काम त्याला आधार देण्याचे.

बुद्धवचनाची कसोटी

संयुत्तनिकायात मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाने भगवंतांना एक प्रश्न विचारला आहे. माणसास जे सुखदुःख होते ते सर्व पूर्वकर्मामुळेच होते, असे काही लोक म्हणतात. हे खरे काय? भगवंतांनी ते नाकारले. पित्त, कफ, वात, त्यांचा संयोग, ऋतुबदल, स्वतःची नीट काळजी न घेणे, आघात आणि कर्मविपाक अशी आठ कारणे त्यांनी सांगितली. येथे आम्हांस महत्त्वाची वाटते ती भूमिका : वेदनेला एकच कारण नसते. ज्याने 'सर्व काही कर्म' म्हटले त्याची चूक आणि जो आज 'सर्व काही मनात साठलेले' म्हणतो त्याची चूक, या दोन्ही एकाच जातीच्या आहेत.

विनयपिटकाच्या महावग्गात दुसरा प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडून होता. त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. भगवंतांनी त्याला अनित्यतेचा उपदेश केला नाही. आनंदाकरवी पाणी आणविले, दोघांनी मिळून त्याला स्वच्छ केले, उचलून मंचकावर निजविले. त्यानंतर भिक्खुसंघाला बोलावून आजाऱ्याची सेवा करणे हे संघाचे कर्तव्य ठरविले. जगातील श्रेष्ठ उपदेशकाने त्या वेळी उपदेश बाजूला ठेवला. शब्दांची वेळ कोणती आणि पाण्याची कोणती, हे ओळखणे हीही प्रज्ञाच आहे.

आपल्यापुढील काम

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार निरनिराळ्या मनोविकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांवाचून राहतात. अशा देशात ऐकून घेणाऱ्या माणसांची गरज अपार आहे. आम्ही संवादोपचाराची मर्यादा दाखविली ती ऐकणाऱ्यांनी ऐकणे सोडावे म्हणून नव्हे. त्यांनी आपल्या कामाची सीमा ओळखावी, एवढाच हेतू.

विहारात कोणी मन मोकळे करण्यास आला, तर त्याचे पूर्ण ऐकावे. त्याबरोबरच झोप व भूक गेली आहे काय, कोणी दिसत नसता आवाज ऐकू येतात काय, दारू वा औषधांची सवय आहे काय, जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो काय, हे स्पष्ट विचारावे. उत्तर होकारार्थी आले तर केवळ पत्ता देऊन मोकळे होऊ नये. जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञाकडे सोबत जावे. तातडीच्या वेळी शासनाची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने शासकीय उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे. तो मिळत नसेल तर मागावा. औषध घेणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे, आणि ध्यानास बसल्यावर गोळ्यांची गरज नाही, असे कोणी सांगत असेल तर त्याला तेथेच थांबवावे. आणि ज्या दुःखाचे मूळ घरातील मारहाणीत, वसतिगृहातील अपमानात किंवा कामावरून काढून टाकण्यात आहे, त्याच्यासाठी समुपदेशकाबरोबर वकील आणि कार्यकर्ताही लागतो, हे विसरू नये.

काही महिन्यांनी त्या माणसाला पुन्हा भेटावे आणि त्यालाच विचारावे : तुला आता कसे वाटते? बर्था पापेनहाइम यांना हा प्रश्न विचारून त्यांचे उत्तर कोणी ग्रंथात लिहून ठेवले असते, तर संवादोपचाराचा इतिहास अधिक प्रामाणिक झाला असता, असे आमचे नम्र मत आहे.